उत्तरासाठी सोडलेली जागा

रेकॉर्डिंगमधल्या बाईंना घाई कसली ती नसते. आधी सबंध वाक्य म्हणतात, मग त्याचा शेवटचा तुकडा, मग शेवटचे दोन, असं मागून पुढे जोडत वाक्य पुन्हा उभं करतात, आणि एवढं झालं की गप्प होतात. हे गप्प होणं धड्यातच आहे. तीन-चार सेकंदांची ती जागा माझ्यासाठी सोडलेली असते. तिथे मी बोलायचं. मी बोलते, पेण स्टेशनच्या फलाटावर, ओढणी तोंडाशी धरून, ओठांतल्या ओठांत. मग बाई बरोबर वाक्य सांगतात आणि पुढे जातात. मी काय म्हटलं ते त्यांनी ऐकलेलं नसतं, त्यामुळे त्यांचा आवाज चढत नाही आणि त्यांना माझी कीवही येत नाही. पन्नाशी उलटल्यावर असा शिक्षक भेटणं ही चैनच म्हणायची.

फ्रेंच मला नंतर आवडायला लागलं. आधी आवडलं ते हे गप्प बसणं.

कारण ती जागा रिकामी कधी राहतच नाही. पेणला तिच्यात फलाटावरची उद्घोषणा शिरते. गाडी सुटली की डब्यातल्या बायकांच्या गप्पा, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, कुणाच्या भाताला लागलेला करपा. नागोठण्याला पाट्या चढतात, मासळीचा वास चढतो, जागेवरून एखादी चकमक होते आणि निडीपर्यंत मिटते. थंडीत मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगांचे भारे येतात आणि पाठोपाठ 'औंदा पोपटी कधी लावायची' हा प्रश्न येतो. पावसात तर पत्र्यावर पाणी असं कोसळतं की बाईंचा प्रश्न नि माझं उत्तर दोन्ही वाहून जातात. फक्त मधली जागा उरते, तिच्यात पाऊस.

झालं असं की वाक्यं जागांना चिकटली. काही मागायचं झालं तर 'जं वुद्रे' म्हणावं, हे मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते नागोठण्याजवळ आंबा नदीवरून जाताना. आता ते शब्द उच्चारले की खाली गढूळ पाणी दिसतं. डावीकडे-उजवीकडे हा धडा रोह्याच्या बाजारातून चालत जाताना ऐकला, त्यामुळे पॅरिसमध्ये कुणी मला उजवीकडे वळा म्हणालं तर माझे पाय सुक्या मासळीच्या दुकानाकडे वळतील. हॉटेलात जेवण मागवण्याचा सगळा धडा पेणच्या पोह्यांच्या गिरणीच्या वासात भिजलेला आहे. पुस्तकातून शिकले असते तर हे झालं नसतं. पुस्तक वाचताना आपण पुस्तकात असतो. ऐकताना जिथे असतो तिथेच असतो.

माझं घर पेणला, नोकरी रोह्याला. मेमूने साधारण पाऊण तास. फ्रेंचचं कारण विचाराल तर तेही साधंच आहे. मुलगा नि सून तूलूझला असतात. तिथे विमानं बांधतात. नातू तिथल्या बालशाळेत जातो. फ्रान्सात २०१९पासून तिसऱ्या वर्षीच शाळा सक्तीची झाली. घरात मराठी आहे, पण दिवसभर कानांवर फ्रेंच पडतं, आणि मूल शेवटी खेळणाऱ्या मुलांचं ऐकतं. मला 'आजी' म्हणतो, पण त्यातला 'ज' आता आपला राहिलेला नाही. तो घासून मऊ झालाय, 'झ'च्या वाटेने पार पलीकडे गेलाय. तो आवाज मराठीत लिहिता यायचा नाही. फोनवर तो एकदा बराच वेळ काही सांगत होता, हातवारे करत, आणि मी हसून माना डोलावत होते. तो मध्येच थांबला. उत्तर हवं होतं त्याला.

वर्ग लावायचे तर मुंबई किंवा पुणं. मुंबईत आलियाँस फ्राँसेज १९३८पासून आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान् पिढ्या परकीय भाषा शिकून गेल्या. पण संध्याकाळच्या गाडीने पेणला उतरून पुन्हा मुंबईचा रस्ता धरायचा, हे काही माझ्या वयाचं नि गुडघ्यांचं काम नाही. म्हणून इअरफोन.

शेजारी बसणाऱ्या बायकांना सुरुवातीला वाटलं मी हरिपाठ ऐकते. ओठ हलताहेत, डोळे मिटलेले. मी तो समज मोडायच्या भानगडीत पडले नाही.

हा प्रश्न, जागा, उत्तर असा ठेका ज्याच्या नावाने ओळखला जातो तो पॉल पिम्सलर अमेरिकन. १९६७ साली त्याने एका नियतकालिकात स्मरणाचं एक वेळापत्रक मांडलं. नवा शब्द पुसला जायच्या बेतात असतानाच पुन्हा विचारावा, म्हणजे तो दर खेपेला आधीपेक्षा जास्त टिकतो, एवढाच त्यामागचा विचार. टप्पे साधारण पाचपटीने वाढत जाणारे: ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं, १ तास, ५ तास, १ दिवस, ५ दिवस, २५ दिवस, ४ महिने, २ वर्षं. मी ही यादी वाचली आणि मला तिच्यात आमची लाइन दिसली. ५ सेकंदांना मी फलाटावरच असते. २५ सेकंदांना गाडी हलते. २ मिनिटांत गाव मागे पडून शेतं लागतात, १० मिनिटांच्या सुमाराला कासू येतं. तासाने मी रोह्यात टेबलाशी रजिस्टर उघडून बसलेली, ५ तासांनी डबा उघडून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फलाट. २५ दिवसांत पगाराची वाट बघायचे दिवस येतात. आणि ४ महिने म्हणजे सरळ आपला चातुर्मासच. आषाढीच्या सुमाराला कासूकडच्या चिखलात लावणी चाललेली असताना शिकलेलं वाक्य कार्तिकीला, त्याच खाचरांत कापलेल्या भाताचे भारे पडलेले असताना, परत विचारलं जावं, असं तो अमेरिकेत बसून सांगत होता. देवाला झोपून उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ एका वाक्याला मुरायला द्यायचा. हे मला पटतं. त्याने हिशेबात धरली नाही ती फक्त खिडकी.

धडे मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी केलेले, आणि ते जागोजाग जाणवतं. परक्या माणसाला 'तुम्ही' म्हणायचं आणि मुलाला 'तू', एवढं सांगायला ते केवढा वेळ घेतात! टेबल बाई आहे आणि पुस्तक पुरुष आहे, हे सांगताना त्यांचा सूर आधीच माफी मागणारा असतो. आपण तीन लिंगं सांभाळत मोठे झालो. दोनच आहेत हे कळल्यावर मला उलट हलकं वाटलं. उच्चारांचंही तेच. फ्रेंच 'त' नि 'द' दातांवरचे आहेत, आपल्यासारखेच. इंग्रजी माणसाची जीभ वर टाळूकडे जाते आणि त्याला ती खाली ओढून आणावी लागते. 'प' म्हणताना ओठांतून हवेचा झोत सोडू नका, हे धडा बजावून सांगतो. ज्यांना लहानपणी 'पळ' नि 'फळ' यांत गोंधळ केल्याबद्दल कुणी हसलेलं असेल त्यांना हे बजावण्याची गरज नाही. मी पाटीवर लिहावं तसं सगळं देवनागरीत वहीत उतरवलं आणि ती वही इंग्रजीपेक्षा फ्रेंचच्या जवळ गेली.

नाकातल्या स्वरांची तर मला धास्तीच घातली होती. निघालं असं की आम्हा कोकणातल्यांना त्यांची ओळख आहे. माझे आजोबा पत्रात प्रत्येक 'घरांत', 'कां', 'नाहीं'वर टिंब द्यायचे. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारली जाणारी टिंबं काढून टाकली आणि आम्ही शाळेत टिंबांवाचून शिकलो. पण खाडीकाठच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात काही टिंबं अजून नाकात राहतात. पेणच्या बाजारात आगरी बाई भाव सांगते तेव्हा 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो, 'मला'चं 'मना' होतं. शाळेने ते सगळं पुसायचा प्रयत्न केला आणि बाजाराने ते जपलं. त्या बाजारात वाढलेल्या कानाला एकाच भाषेचे चार घाट असतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाचवा घाट आला, एवढंच.

छळलं ते दोन-तीन आवाजांनी. ओठांचा आकार 'ऊ'चा आणि आत जीभ 'ई'ची, असा एक स्वर आहे. तो काढताना आरशात बघू नये. 'र' घशातून काढायचा. तो मी सकाळी मीठ-पाण्याच्या गुळण्या करताना साधला आणि गुळण्या थांबल्यावर हरवला. नातवाला तो आपोआप येतो. त्याने तो कुठून आणला हे त्याला सांगता येत नाही आणि मला विचारता येत नाही.

आकड्यांनी मात्र मला एकदम घरी आणून सोडलं. ऐंशीला फ्रेंच माणूस चार विसा म्हणतो. नव्वदला चार विसा दहा. रेकॉर्डिंगमधले निवेदक इथे हळूच हसल्यासारखं करतात, जगाला हे विचित्र वाटतं म्हणून. माझी आजी नारळ विसांतच मोजायची. दोन विसा, तीन विसा, चार विसा, आणि वर सुटे. शंभरापुढे तिला जायची वेळ फारशी आली नाही. गाडीत तो धडा ऐकताना मी पहिल्यांदा मोठ्याने उत्तर दिलं आणि समोरच्या बाईने दचकून पिशवी जवळ घेतली.

एक पथ्य मी पाळलं, ते पुस्तक लवकर न उघडण्याचं. हे माझं डोकं नव्हे. आल्फाँस शेरेल नावाच्या माणसाने १९२९मध्ये असिमिल ही माला सुरू केली, तिच्यातही आधी बरेच दिवस नुसतं ऐकायचं, समजून घ्यायचं, आणि उलटून बोलायचं ते नंतर, असा क्रम आहे. तान्ह्या मुलाचा क्रम. फ्रेंचला तो फारच गरजेचा, कारण ही भाषा लिहिताना भरपूर अक्षरं मांडते आणि बोलताना त्यांतली निम्मी गिळते. मी पुस्तक उघडलं तेव्हा ओळखीची वाक्यं दागिने घालून बसलेली दिसली. शेवटची ती मुकी अक्षरं मात्र पुढच्या शब्दाचा स्वर आला की एकदम बोलू लागतात, पुढच्याला जाऊन चिकटतात. म्हणजे संधी. ती रोह्यात शिकावी हे छान झालं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण या गावातलं. १९४४च्या ब्रेटन वुड्स परिषदेला भारताच्या बाजूने गेलेला हा माणूस संस्कृतात बुडालेला होता, आणि त्यांनी 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. आकडे आणि संधी दोन्ही सोडवणारं डोकं. माझ्या वाट्याला रजिस्टरातले आकडे आले, संधी आता येताहेत.

आवाज साठवून त्यातून शिकायचं हे खूळ तसं जुनंच. एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा. लंडनमध्ये लिंग्वाफोन ही कंपनी १९०१मध्ये निघाली, आधी मेणाच्या नळकांड्यांवर आणि मग तबकड्यांवर भाषा विकू लागली. १९११ साली पॅरिसच्या सोर्बन विद्यापीठात फेर्दिनाँ ब्रुनो या भाषापंडिताने बोलण्याचं संग्रहालयच उघडलं. पुस्तकांचं असतं तसं, फक्त कपाटात आवाज. पुढे कॅसेट, सीडी, आणि आता मोबाइलच्या पोटात सगळं.

रोह्याला तर साठवलेल्या आवाजासमोर बसण्याचा सरावच आहे. पांडुरंगशास्त्री आठवले इथले. १९२० साली कुंडलिकेकाठच्या या गावात जन्मले, २००३मध्ये गेले. त्यांच्या स्वाध्याय केंद्रांत माणसं अजून आठवड्याला जमतात आणि दादांची, म्हणजे शास्त्रीजींची, ध्वनिचित्रित प्रवचनं ऐकतात. आमच्या ऑफिसातल्या एक ताई नेमाने जातात. त्यांना मी माझ्या फ्रेंच बाईंबद्दल सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "रोज एकाच वेळेला ऐकतेस का? वेळ सांभाळ. माणूस समोर नसला की वेळच गुरू."

दुपारी जेवण झालं की मी कधी कधी कुंडलिकेकडे जाते. धाटावच्या कारखान्यांचा वास वाऱ्यावर असतो, कधी असतो कधी नसतो. तिथे नदीकाठी इअरफोन काढून ठेवावेसे वाटतात, कारण या नदीला बोली ऐकण्याचा माझ्याहून जुना अनुभव आहे. खाली जिथे ती रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते, तिथे पलीकडच्या काठावर कोर्लई. १७४०मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी एकमेकांत मुरून झालेली एक बोली मागे राहिली. ती लोक अजून बोलतात, हजाराच्या आत-बाहेर माणसं. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६मध्ये तिच्यावर सबंध पुस्तक लिहिलं. शाळा नाही, लिपी नाही, तबकडी नाही. आईने म्हटलं, पोराने उत्तर दिलं, एवढ्यावर ती पावणेतीनशे वर्षं तरली. आणि याच मुखाशी फ्रेंचही यायचं होतं. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ पुणे दरबारात नाना फडणिसांपाशी बोलणी करत होता, आणि त्या बोलण्यांत चौलचं बंदर होतं. इंग्रजांच्या पोटात गोळा आला. पुढे त्यातून काही निघालं नाही. निघालं असतं तर कुणी सांगावं, रोह्याच्या बाजारात सुकटीचा भाव चार विसांत झाला असता आणि मला मेमूत पुटपुटावं लागलं नसतं.

वरच्या अंगाला हीच नदी मला जास्त ओढते. रोह्यापाशी वर्षभर पाणी दिसतं त्याचं कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. मुळा नदीवर टाटांनी मुळशीचं धरण बांधलं. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात जाणार होत्या त्यांनी १९२१पासून सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला आणि ते हरले. पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी पश्चिमेला वळवलं गेलं. १९२७पासून ते भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरतं, कुंडलिकेत येतं, कोलाडला होड्या खेळवतं आणि रोह्याखालून निघून जातं.

त्याच मुळशीच्या डोंगरांत, आणि शेजारच्या मावळात, एका फ्रेंच माणसाने बायकांचं गाणं ऐकलं. गी पॉइतवाँ. १९७२मध्ये पुण्याला आला, इथलाच झाला, २००४मध्ये पुण्यातच गेला. हेमा राईरकरांबरोबर त्याने डोंगरातल्या गरीब माणसांत काम केलं आणि त्या कामातून ते दोघं जात्यावरच्या ओव्यांपाशी पोचले. सुमारे दोन दशकं, हजाराहून जास्त गावं, एक लाखाच्या वर ओव्या. पुढे बर्नार्ड बेल हा दुसरा फ्रेंच माणूस, संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारा, त्यात आला. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ओव्या त्या त्या बाईच्या आवाजात ऐकायला मिळतात. दळण गिरणीत गेल्यावर जातं थांबलं होतं; गाण्यासाठी बायकांनी ते पुन्हा फिरवून दाखवलं.

मी हे ऐकते तेव्हा फ्रेंचचा धडा बंद असतो. पण कान तेच वापरते. जात्याला समोरासमोर दोघी बसायच्या. एकीने ओळ टाकायची, खुंटा फिरायचा, दुसरीने ती उचलायची. त्या फिरण्यापुरती गाण्यात एक जागा असते, घरघरीची, आणि दुसरीला काय म्हणायचं ते तिथे सुचतं. माझ्या आजीच्या समोर माझी आई बसत असे. त्यांच्यात कधी सरळ बोलणं झालेलं मी फारसं पाहिलं नाही. जे काय व्हायचं ते त्या जागेत व्हायचं. पॉइतवाँला मराठी कुणी शिकवलं असेल ते असो, पण डोंगरातल्या म्हाताऱ्यांपुढे बसून त्याने गप्प राहायचं शिकून घेतलं होतं, त्याशिवाय कुठलीही बाई परक्या पुरुषासमोर ओवीला तोंड फोडणार नाही. एक लाख ओव्या म्हणजे तितक्या वेळा कुणीतरी मधे न बोलता थांबलेलं असणार. फ्रेंच शिकायला बसले आणि एका फ्रेंच माणसाने साठवलेल्या ओव्यांत जाऊन रमले, याची सूनबाईला फार मजा वाटते.

संध्याकाळी पेणला उतरते तेव्हा धडा संपलेला असतो, तरी मी इअरफोन काढत नाही. गणपतीचे कारखाने लागतात. श्रावण जवळ आला की रात्र रात्र दिवे चालू. शाडूचा ओला वास, रंगाच्या फवाऱ्याचा आवाज, आणि आत कुणीतरी एकटा डोळ्यांची आखणी करत बसलेला. त्याच्याशी त्या वेळी कुणी बोलत नाही. परदेशी जाणाऱ्या मूर्ती मात्र पावसाच्या कितीतरी आधी रंगून खोक्यांत बसलेल्या असतात, त्यांना समुद्र गाठायचा असतो. मॉरिशसलाही जातात. तिथे एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कोकणातून माणसं गेली, त्यांचे वंशज आज आरती मराठीत म्हणतात आणि घरात, बाजारात फ्रेंचपासून झालेली क्रिओल बोलतात. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. ओळखीच्या एका कारखान्यात मी हे सांगितलं, तेव्हा मातीचे हात पुसत कारागीर म्हणाला, "मग काकू, आमचा बाप्पा तुमच्या आधी शिकून बसलाय. त्याला विचारा." कान एवढे मोठे ठेवलेत तर शिकणारच. मी म्हटलं, त्याला बोलावं लागत नाही, नुसतं ऐकायचं असतं. माझं तसं नाही.

आता धडे संपत आलेत. फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय नभोवाणीचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, ते आदल्या दिवशीचं सकाळी ऐकते. सोपं म्हणतात ते. मला त्यातली गावांची नावं कळतात, माणसांची कळतात, आणि कुणीतरी 'नाही' म्हटलं हे हमखास कळतं. तिथे जागा सोडलेली नसते. निवेदक पुढे जातो आणि मी मागे राहते, कासूच्या खाचरांवर बगळे बघत. रोज थोडं कमी मागे राहते असं वाटतं, खात्री नाही.

पण जागा सोडायची कला फुकट गेली नाही. नातवासाठी मी रात्री व्हॉइस मेसेज करते. आधी गोष्टी सांगायचे, सलग, आणि सून म्हणायची, तो मधेच उठून जातो. मग मी बाईंचं बघून केलं. "आज काय खाल्लंस?" एवढंच मराठीत विचारायचं आणि गप्प बसायचं, मनात चार अंक मोजून. मग, "मी भाकरी खाल्ली." पुन्हा गप्प. घरात पंखा फिरत असतो, लांब हायवेवर ट्रक जातात, ते सगळं त्या चार अंकांत जातं तूलूझला. सून सांगते, तो फोनसमोर बसतो आणि जागा आली की उत्तर देतो. फोनला ऐकू येत नाही हे त्याला माहीत आहे, तरी देतो.

परवा त्याने सुनेच्या फोनवरून उलटा मेसेज पाठवला. मला प्रश्न विचारला होता, आणि गप्प बसला होता, माझ्यासारखाच. मग त्याचं त्यालाच राहवलं नाही आणि फ्रेंचमध्ये एक लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यात एक कुत्रा आहे, पाव आहे, कुणाची तरी टोपी आहे आणि बरंच हसू आहे. एवढं मला कळलं. सून लगेच लिहिणार होती की तो काय म्हणतोय ते सांगते. मी तिला म्हटलं, थांब, मधे पडू नकोस. सगळं मिळून ते दोन मिनिटांचं आहे. पेण ते कासू ते पाच वेळा ऐकून होतं.